पुढून उघडणारी बोट

समजा, तुम्हाला लाकूड शिवायचं आहे.

हसू नका, खरंच समजा. प्लायवूडचा एक तक्ता तुमच्यासमोर आडवा पडला आहे. त्यावर खडूने लांबट आकार काढा, मधे रुंद आणि एका टोकाला निमुळता. करवतीने कापा. तसाच दुसरा कापा, मग तळाचा, मग मागच्या बाजूचा. आता दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींना भिडवा, कडेकडेने बारीक भोकं पाडा, त्यांतून तांब्याची तार ओवा आणि पक्कडीने पीळ देत चला. घाई केलीत तर तार लाकडात रुतते आणि कड फाटते. बेताबेताने गेलात तर मघापर्यंत भिंतीसारखा ताठ असलेला तक्ता वाकायला लागतो, त्याला पोट येतं, आणि थोड्या वेळाने तुम्ही बोटीशेजारी उभे असता. मग सांध्यांत राळ भरायची, वरून काचेच्या धाग्यांची पट्टी चिकटवायची, वाळलं की तारा काढून टाकायच्या. खिळा नाही, सांगाडा नाही. आधी शिलाई आणि मग राळ, एवढंच सगळं धरून ठेवतं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे काम सुतारापेक्षा शिंप्याला लवकर जमेल. ते अर्धंच खरं निघालं. उरलेल्या अर्ध्याचीच ही गोष्ट आहे.

मी राहते त्या घराखाली शिवणाचं दुकान आहे. दुकान कसलं, भिंतीतली खाच. एक मशीन, एक बेतायचं टेबल, आणि खुंट्यांवर इतके कपडे की आत शिरलं की माणसांच्या घोळक्यात शिरल्यासारखं वाटतं. दुकानाच्या मालकिणीला सगळी गल्ली टेपबाई म्हणते, कारण तिच्या गळ्यात माप घ्यायची टेप कायम असते. तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, आयुष्यभर बस चालवून आता घरी बसले आहेत. ते म्हणतात, "झोपेतसुद्धा काढत नाही हो. कूस बदलली की माझं माप घेतलं जातं." मी तिला काकू म्हणते. ती मला इंजिनिअर म्हणते. मी यंत्रांचा डिप्लोमा केला आहे आणि पंप दुरुस्तीच्या कारखान्यात काम करते, त्यामुळे ही पदवी फुकट मिळालेली आहे, पण काकूला कोण सांगणार.

काकूचं दुकान खरं म्हणजे दोघींचं. बेतायचं आणि मशीन मारायची काकूने, आणि काज-बटण, तुरपाई, जी काही हाताची शिलाई असेल ती तिच्या थोरल्या बहिणीने. त्यांना मीही ताईच म्हणते. ताई नदीच्या पलीकडे राहतात, एकट्या. पूर्वी रोज सकाळी त्या जुन्या होडीने यायच्या. ती होडी सपाट तळाची होती, काठाला लागली की नावाडी एक फळी टाकायचा. ताई एकदा पडल्या तेव्हापासून त्यांचा एक गुडघा वाकत नाही. पाय काठीसारखा सरळ राहतो. पण फळीवरून त्या टुकटुक करत चालत यायच्या आणि दुकानात येऊन खुर्चीत बसल्या की तो पाय मशीनखाली ताणून द्यायच्या. काकू म्हणायची, "पाय काढ तो, पॅडल लागत नाही." ताई म्हणायच्या, "कापून ठेव मग. बेतायला तुला येतंच."

मग ती होडी बंद झाली आणि नवी लाँच आली.

लाँच पांढरीशुभ्र आहे, वेगवान आहे, आत गाद्या आहेत. फक्त तिच्यात चढायला बाजूला लोखंडी पायऱ्या आहेत, आणि त्यांतली पहिली पायरी माझ्या मांडीच्या मध्यापर्यंत येते. मी तरुण आहे, मी दांडी धरून उडी मारते. ताईंनी पहिल्या दिवशी काठी बगलेत धरली, दोन्ही हातांनी दांडी पकडली आणि चांगला पाय वर टाकला. दुसरा वर येईना. मागे रांग उभी. तिकीटवाला वरून म्हणाला, "आजी, लवकर. लाँच आहे ही, पलंग नाही."

"हात देतोस का जरा?"

"हात द्यायचा नियम नाही. पडलात तर माझ्या गळ्यात." मग तो रांगेकडे बघून म्हणाला, "आता यांच्यासाठी काय क्रेन आणू?"

रांग हसली. मी त्या रांगेत नव्हते, काकू होती. ताईंना आणायला ती मुद्दाम पलीकडे गेली होती. ती सांगते की ताईंनी पाय खाली घेतला, पातळ सारखं केलं आणि म्हणाल्या, "धाकटे, तू जा. दुकान उघडायचंय."

त्या दिवसापासून ताईंचं येणं थांबलं. काम मात्र थांबलं नाही. काकू कपड्यांचं गाठोडं लाँचवर पाठवायची, ताई काज करून परत पाठवायच्या. गाठोड्याला चढायला कोणी अडवत नव्हतं. त्याला तिकीटवाला दोन्ही हातांनी उचलून घ्यायचा. हे मी रोज कामावर जाताना बघत होते आणि रोज माझं डोकं फिरत होतं.

पुलावरून का नाही आणत, असं तुम्ही विचाराल. पूल लांब वरच्या अंगाला आहे, बस दोनदा बदलावी लागते, आणि बसची पायरी लाँचच्या पायरीची सख्खी बहीण आहे. काका स्वतः म्हणतात, "मी इतकी वर्षं बस चालवली, पण मागच्या दाराने म्हातारी माणसं कशी चढतात हे कधी उतरून बघितलं नाही. हॉर्न दिला फक्त."

काकू धक्क्यावरच्या कचेरीत गेली. तिथल्या साहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सांगितलं की लाँच नियमाप्रमाणे आहे. काकू पुन्हा गेली. पुन्हा पाणी मिळालं. तिसऱ्यांदा ती परत आली ती सरळ वर माझ्या खोलीत. "इंजिनिअर," ती म्हणाली, "तू ते लाकूड शिवायचं सांगत होतीस ना, ते कागद काढ."

मी आराखडा काढून दिला. छोटी, टोकदार नाकाची बोट, तीन माणसं बसतील एवढी. काका म्हणाले, "अगं, परकर शिवणं वेगळं आणि बोट शिवणं वेगळं."

"परकरातून पाणी आत येतं का?"

"येतं की."

"मग यातून येणार नाही. एवढाच फरक."

दुकानामागच्या मोकळ्या जागेत काकांनी तक्ते टेकवायला लाकडी घोड्या मांडल्या. काकूने आराखड्यावरून कागदाचे फर्मे कापले, फर्मे प्लायवूडवर ठेवले, खडू फिरवला आणि करवत चालवली. हात असा सफाईदार की बघत राहावं. मी कारखान्यातून येईपर्यंत सगळे तुकडे कापून भिंतीला टेकवलेले होते. मी खूश झाले. मोजून बघावं असं मलाही सुचलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी शिवायला घेतलं. मागची बाजू जुळली, मधलं पोट जुळलं, जरा ओढूनताणून. पण पुढे यायला लागलो तसा पीळ बसेना. तळाचा तक्ता नाकापाशी हवा त्यापेक्षा रुंद होता, तो दोन्ही बाजूंना दूर लोटत होता. काका एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने दाबत होतो आणि समोर भलं मोठं भगदाड. बोटीचं नाकच मिटेना. मी टेप मागितली, तळ मोजला, आणि काकूकडे बघितलं.

"काकू, तुम्ही माया सोडलीत?"

शिवणात कापड जेवढ्यास तेवढं कापत नाहीत. शिलाईत दुमडायला चारी बाजूंनी बोटभर जादा ठेवतात, तिला माया म्हणतात. लाकडाला ती नको असते, लाकूड दुमडत नाही, कडेला कड भिडते. मी हे तिला सांगितलं होतं. तिने ऐकलंही होतं. पण खडू हातात आला की हात आपोआप रेघेबाहेर जातो. प्रत्येक तुकड्याला, चारी बाजूंनी.

काका खो खो हसायला लागले. "वाढत्या अंगाची बोट बेतलीस की."

मला रडू यायचं बाकी होतं. प्लायवूड चांगलं होतं, नवं आणायचं म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. मी म्हणाले, रंधा मारू, जेवढं जादा आहे तेवढं काढू.  काकू त्या भगदाडासमोर जाऊन उभी राहिली. मग तिने हात आडवा करून त्याची रुंदी बघितली. मग आत शिरली. मग बाहेर आली.

"पुढून मिटत नसेल तर आपण काय करतो?" ती म्हणाली. "पट्टी जोडतो. आणि पट्टीला बटणं."

"म्हणजे?"

"म्हणजे नाक नकोच. इथे दार कर. खाली पडणारं. पडलं की त्याची फळी होईल."

मला कबूल करायला हवं की मी आधी भांडले. बोटीला पुढून दार म्हणजे पाण्याला आमंत्रण. पण रात्रभर डोक्यात तेच फिरत राहिलं आणि सकाळी मी वही घेऊनच खाली आले. दाराचा उंबरठा पाण्याच्या पातळीच्या बराच वर ठेवायचा. पुढचा भाग तेवढा उचलून घ्यायचा. दार आतून न बसवता बाहेरून कडेवर चढवायचं, म्हणजे पाण्याचा रेटा आला तरी ते आणखी घट्ट बसेल. आणि बैठकीखालच्या बंद पेट्यांत थर्माकोल ठासायचा, म्हणजे बोट पाण्याने भरली तरी बुडणार नाही. काकूने ऐकून घेतलं आणि विचारलं, "दार कडेवर किती चढवायचं?"

मी सांगितलं, बोटभर, चारी बाजूंनी.

काकूने फक्त काकांकडे बघितलं. 

पुढचे दिवस आमच्या गल्लीत करमणुकीला कमतरता नव्हती. लोक कपडे टाकायला यायचे आणि हातावर राळ घेऊन जायचे. भगदाड आणखी कापून ताई काठीसकट मावतील एवढी रुंदी धरली. दाराच्या कडेला रबराची पट्टी लागत होती, ती काकांनी ओळखीच्या डेपोतून मोडीत निघालेल्या बसच्या दाराची आणली. त्याच बसचा हॉर्नही आणला. मी म्हटलं, कशाला? ते म्हणाले, "सवय आहे. हॉर्न नसला तर मला वळता येत नाही." इंजिन आमच्या कारखान्याच्या भंगारात पडलेलं, बोटीच्या मागे लटकवायचं, लहानसं. मालकांनी ने म्हणून सांगितलं, मी उघडून पुन्हा भरलं. सुकाणूची दांडी लांब केली, कारण काकांना पुढे बघत बसायचं होतं, बाजूला वळून नाही.

आणि खुर्ची. त्या खुर्चीवर काकूने जितका वेळ घालवला तितका बाकीच्या बोटीवर कोणी घातला नसेल. लाँचने पलीकडे जाऊन ती ताईंचं माप घेऊन आली. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून कमरेपर्यंत, सरळ पाय पुढे ताणला तर टाच कुठे येते. बैठकीची उंची अशी की ताईंना वाकावं लागू नये, नुसतं टेकलं की झालं. पायाखाली उतरती फळी, टाचेला कापसाची उशी. ताई म्हणाल्या होत्या, "माझ्या मापाचं इतकं काही तू कधी शिवलं नाहीस." काकू म्हणाली, "तू कधी गिऱ्हाईक म्हणून आलीस का?"

बोट हातगाडीवरून धक्क्याच्या उतारावर नेली तेव्हा पहारेकरी स्वतः हात लावायला आला. काठाशीच आम्ही ती बादल्यांनी पाण्याने भरली आणि काका आत बसले. पाणी त्यांच्या कमरेपर्यंत आलं, बोट कडेपर्यंत खाली गेली आणि तिथेच थांबली. काका हॉर्न वाजवत राहिले.

ताईंच्या बाजूचा काठ उतरता, वाळूचा आहे. बोट लागली, दार खाली पडलं. ताई काठी टेकत फळीवर चढल्या, मधे थांबल्या, खाली बघितलं. "धाकटे, शिलाई सुटणार नाही ना?"

"माझी शिलाई कधी सुटलीय?"

"माझ्या पँटची सुटली होती," काका म्हणाले, "भर स्टँडवर."

ताई बसल्या, पाय पुढे ताणला. दार वर घेतलं, चारी कड्या लावल्या. या काठाला दगडी भिंत आहे, उतरायला जागा म्हणजे धक्क्याचा तो उतार, तिथे दार पडलं आणि ताई जशा फळीवरून जुन्या दिवसांत यायच्या तशा टुकटुक करत वर आल्या. दुकानात त्यांची खुर्ची होती तिथेच होती. मी कामावरून आले तर आतून आवाज येत होता, "पाय काढ तो, पॅडल लागत नाही."

हे काही आठवडे चाललं. इथेच ही गोष्ट संपली असती तर मी ती लिहायला घेतली नसती.

बोटीची नोंद करायला आम्ही आपणहून गेलो. लपवायचं काही नव्हतं. कचेरीतले तेच साहेब बघायला आले. माणूस वाईट नाही, हे मी वारंवार स्वतःला सांगते. त्यांनी सांधे बघितले, चांगले म्हणाले. इंजिन बघितलं, पेट्या बघितल्या, चांगल्या म्हणाले. मग काकांनी कौतुकाने दार पाडून दाखवलं.

"हे चालणार नाही," साहेब म्हणाले.

मी उंबरठ्याची उंची सांगितली. रबर दाखवलं. बोट भरून बघितल्याचं सांगितलं, हवं तर पुन्हा भरते म्हटलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. "तुमचं बरोबरही असेल. पण पुढून उघडणारी प्रवासी बोट, असा रकानाच माझ्याकडे नाही. धक्क्याला लावू देता येणार नाही."

त्याच वेळी, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, मालाची बार्ज उताराला लागत होती. तिची पुढची अख्खी भिंत खाली पडली आणि त्यावरून शेळ्यांचा कळप उड्या मारत खाली आला.

काकूने बोट दाखवलं. "ती काय मागून उघडली?"

"ती मालवाहू आहे. तिचा नियम वेगळा."

"म्हणजे शेळीला फळी चालते."

"शेळी माल आहे, बाई. माणसाचं तसं नसतं."

मग ते जरा मऊ झाले, आणि जे बोलले त्याने माझ्या कपाळाची शीर अजून उडते. "बोट सुंदर आहे. एक करा, हे दार राळ भरून कायमचं बंद करा. उद्या नोंद करून देतो."

म्हणजे बोटीत जी एक गोष्ट ताईंसाठी होती ती बुजवा, मग बोट पास. एवढी राळ, एवढे दिवस, ती खुर्ची, सगळं पास, फक्त जिच्यासाठी केलं ती सोडून. उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं. इथे शेळ्या फळीवरून उतरत होत्या आणि माणसांना उंटावरून हाकललं जात होतं.

ताई म्हणाल्या, "बंद कर, धाकटे. बोट तरी चालू राहील. गाठोडं येईल-जाईल."

काकू इतकी चिडलेली मी कधी बघितली नव्हती. "गाठोडं लाँचवरही जातं," ती म्हणाली. "गाठोड्यासाठी मी माझे हात राळेत घातले नाहीत."

तिने दार बंद केलं नाही. साहेबांचा हुकूम ती नीट ऐकून आली होती. धक्क्याला लावायची नाही. ठीक. दुसऱ्या दिवसापासून काका ताईंना घेऊन येतात आणि धक्क्यापासून एक दोरभर अंतरावर नांगर टाकतात. ताई तिथेच, पाण्यावर, आपल्या मापाच्या खुर्चीत बसतात, डोक्यावर काकूने शिवलेलं छत, आणि काज करतात. काकू दुकानातून गाठोडं घेऊन येते, धक्क्याच्या कडेला उभी राहते आणि फेकते. काका झेलतात. काम झालं की उलट फेक. बटणं कमी पडली की ताई ओरडून सांगतात आणि सगळ्या धक्क्याला कळतं कोणाच्या सदऱ्याला किती बटणं आहेत.

लाँच बाजूने गेली की बोट हेलकावे खाते. ताई सुई वर धरून थांबतात, पाणी शांत झालं की पुन्हा टाका घालतात. परवा तिकीटवाल्याने वरून विचारलं, "आजी, इथे काय दुकान मांडलंय?"

"हो," ताई मान वर न करता म्हणाल्या. "क्रेन येईपर्यंत."

लाँचमधली माणसं हसली. या वेळी तिकीटवाल्याकडे बघून. पण त्या हसण्याने ताई धक्क्यावर चढल्या नाहीत. हे विसरू नका, कारण गल्लीत आता लोक ही गंमत म्हणून सांगतात. दुपारचं ऊन छताखालूनही लागतं. वारा सुटला की यायचं रद्द. दुकानातली खुर्ची रिकामीच आहे, काकूने तिच्यावर कपडे ठेवू दिलेले नाहीत.

शेवटी साहेब धक्क्याच्या कडेला आले. "असं किती दिवस चालायचं?"

"ते तुम्ही सांगा," काकू म्हणाली. "मला एकच विचारायचंय. लाँचची पायरी त्या उंचीची का आहे?"

"स्टँडर्ड माप असतं ते."

"कोणाचं?"

"म्हणजे काय, स्टँडर्ड. सर्वसाधारण माणसाचं."

काकूने गळ्यातली टेप काढली, हातावर गुंडाळली. "साहेब, मी इतकी वर्षं मापं घेतेय. माझ्या दुकानात स्टँडर्ड नावाचं गिऱ्हाईक अजून आलेलं नाही. एकाचा खांदा उतरता, एकाचं पोट पुढे, एकीचा हात दुसऱ्यापेक्षा लांब. तो माणूस असेल तर मला भेटवा. मला त्याचा गुडघा बघायचाय."

साहेब म्हणाले, वर विचारून सांगतो. ते वर विचारत आहेत, असं आम्हाला कळवण्यात आलं आहे.

तोवर काकू खाली विचारते. कपडे शिवायला जो येईल त्याला. समोर उभं करते, हात वर करायला लावते, छातीभोवती टेप फिरवते, श्वास सोडा म्हणते, आणि गिऱ्हाईक श्वास सोडून गप्प उभं असताना, जेव्हा ते पळूही शकत नाही, तेव्हा विचारते: तुम्ही लाँचने जाता ना, मग तुम्हाला माहीत असेल, ती पहिली पायरी बनवली तेव्हा कोणाच्या गुडघ्याचं माप घेतलं होतं?